पाडायची राहिलेली भिंत

ममता राऊळला दुसऱ्यांच्या घरात डोकावायला आवडतं, आणि ती ते लपवतही नाही. शांती नगरमधला जुना फ्लॅट पसंत पडला तेव्हा तिचा नवरा पराग म्हणाला, "साठवलेलं सगळं डाउन पेमेंटला टाकू. कर्ज कमी, हप्ता कमी." ममताला मात्र त्यातले थोडे पैसे मागे ठेवून स्वयंपाकघराची भिंत पाडायची होती. वाद घालण्यापेक्षा ती सरळ वरच्या मजल्यांवर गेली आणि बेल वाजवत सुटली. सगळे फ्लॅट एकाच नकाशाचे, मग लोकांनी त्याचं काय केलंय ते बघायला नको?

वरच्या हंसाबेननी तीच भिंत पाडली होती. पुढे हॉलमध्ये फोडणीचा ठसका लागायला लागला, म्हणून तिथे काचेचं दार बसवलं होतं. त्यांच्या वरच्यांनी बाल्कनी खोलीत घेतली होती आणि आता त्यांचे कपडे पंख्याखाली वाळत होते. "खर्च केला ते बरं झालं असं वाटतं?" ममताने दोन्हीकडे विचारलं. दोन्हीकडे नुसतं हसले.

"सगळे डाउन पेमेंटला टाक," ती परागला म्हणाली. "आधी राहून बघू. काय खुपतंय ते कळलं की तोडू."

दोघं राहायला आल्याआल्या हंसाबेन बघायला हजर. "आपने क्या क्या तुडवाया?"

"कुछ नहीं."

हंसाबेन स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि हळूच तिला टेकून खाली बसल्या.

"हमारी दीवार थी, तब मैं इधरीच बैठती थी," त्या म्हणाल्या, "मटर छीलने."