कॅप्टनच्या कादंबरीतली वादी

शारजाचं तिकीट काढलं तेव्हा पप्पांनी एकच काम सांगितलं. "मसाफीच्या पुढे ती वादी आहे ना, तिचा फोटो आण." वादी म्हणजे डोंगरातली कोरडी नदी, पाऊस पडला तरच वाहणारी. पप्पा एक्याऐंशीचे आहेत, गुडघे गेलेत, विमानप्रवास आता त्यांच्याने होणार नाही. वसईच्या घरी बसून ते फोटो बघणार होते. मला मात्र त्या वाक्यात ब्लॉगचा विषय दिसला. कुणी मनापासून काही मागितलं की मला आधी मथळा सुचतो, ही माझी जुनी खोड.

वादीमागे एक कादंबरी आहे आणि कादंबरीमागे कॅप्टन. कॅप्टन म्हणजे साहसकथा लिहिणारा एक अमेरिकन. त्याचं खरं नाव सांगितलं तरी तुमच्यापैकी कुणी ओळखणार नाही, म्हणून पप्पांनी ठेवलेलंच वापरते. डोक्यावर कायम खलाशाची टोपी, म्हणून कॅप्टन. कोळशाच्या खाणींच्या गावातला मुलगा. शाळा सोडून जहाजावरच्या भटारखान्यात लागला, मग ट्रक चालवले. पहिली गोष्ट विकली गेली तेव्हा पस्तिशी आली होती. पुढे एकतीस कादंबऱ्या लिहिल्या. प्रत्येकीआधी त्या मुलखात नऊ दिवस हिंडायचं, पेन्सिलीने वही भरायची आणि घरी जाऊन चार महिन्यांत पुस्तक हातावेगळं करायचं, हा त्याचा शिरस्ता. एवढं पुस्तकाच्या मागच्या पानावर आहे. तीन लग्नांचं तिथे नाही, ते पप्पांकडून कळलं.

असाच नऊ दिवसांसाठी तो अमिरातीत आला होता. पप्पा तेव्हा जबल अलीला एका कंपनीत ड्रायव्हर होते आणि आम्ही शारजाला रोल्लात राहायचो. कंपनीतल्या कुणाच्या ओळखीने कॅप्टनला फिरवायचं काम पप्पांकडे आलं. दीड वर्षाने कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर पुस्तक आलं. आत पप्पांच्या नावाने लिहिलं होतं, "बस्त्यावला, ज्याला रस्ता माहीत आहे." पप्पांचं इंग्रजी कामापुरतं, जाडजूड कादंबरी त्यांच्या आवाक्यातली नव्हती. मी आठवीत होते, इंग्रजी शाळेत. त्यांनी पुस्तक माझ्यापुढे ठेवून विचारलं, मी आहे का गं यात? मी पानांवरून बोट फिरवत बस्त्याव, सेबॅस्टियन, नुसता इंडियन, असं सगळं शोधलं. कुठेच नव्हतं. "नाही पप्पा, तुम्ही नाही यात." त्यांनी पुस्तकाला खाकी कव्हर घातलं आणि कपाटावर ठेवून दिलं.

तेच पुस्तक या वेळी सोबत घेतलं. विमानात वाचून काढू असं ठरवलं होतं. जेवण आलं आणि मग झोप लागली.

पहिला दिवस रोल्लात गेला. जाऊन-येऊन विमान साडेसोळा हजार, आधी काढलंत तर आणखी स्वस्त पडेल. आमची जुनी इमारत अजून उभी आहे, खाली आता मोबाइलची दुकानं आहेत. कडक चहा दीड दिरहॅमला, म्हणजे पस्तीस रुपये. हिशेब मी मोठ्याने केला तशी शेजारची मल्याळी बाई हसली. म्हणाली, पहिल्या महिन्यात सगळेच करतात. तिला सांगावंसं वाटलं की बाई, मी इथेच वाढले. पण तीस वर्षांनी आलेल्या माणसाने असं काही सांगू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिया आली. ही माझ्या भावाची मुलगी, जन्मली-वाढली इथेच, दुबई मरीनाला राहते आणि मी मराठीत काही विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. गाडी भाड्याची, दिवसाला एकशेवीस दिरहॅम, पावणेतीन-तीन हजार धरा. शारजाहून धैदमार्गे मसाफी, गुळगुळीत रस्ता, तासाभराचं अंतर. धैद मागे पडलं की वाळू संपत जाते आणि पुढे काळपट, रुक्ष डोंगर सुरू होतात. मसाफीच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाजार आहे, गालिचे, माठ, फळं. नाव फ्रायडे मार्केट, भरतो रोज. भाजलेलं कणीस जरूर खा. गालिच्याची सांगतील त्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात करा. आम्ही किलोभर संत्री घेतली.

पुढे निघालो तेव्हा रियानेच म्हटलं, आत्या, बुक वाच ना, मोठ्याने. वादीचा प्रसंग शेवटाकडे आहे, तिथूनच सुरुवात केली. बंदुकांची तस्करी, एक अमेरिकन नायक, आणि त्याची जीप चालवणारा हकीम नावाचा म्हातारा. मी इंग्रजी वाचत होते. हकीम निघण्याआधी खिशातला रुमाल काढून स्टिअरिंग पुसतो. मग संत्रं सोलतो, न तोडता, अखंड साल काढून आरशाला टांगतो, म्हणजे गाडीला डिझेलचा वास येत नाही. नायक घाई करतो तेव्हा म्हणतो, हळू चल, लवकर पोहोचशील.

रियाने गाडी बाजूला घेतली. "आत्या, दॅट्स ग्रँडपा."

हातच्या काकणाला आरसा कशाला? आम्हा भावंडांना गाडी लागायची म्हणून पप्पा प्रत्येक प्रवासात आरशाला संत्र्याची साल टांगायचे, पुढे सुट्टीत वसईला आलेल्या रियासाठीही. मी आठवीत नाव शोधत बसले. चार पानं नीट वाचली असती तर माणूस सापडला असता. मला तिथेच रडू आलं. रियाने टिश्यूचा बॉक्स पुढे केला आणि एसी वाढवला.

उरलेलं प्रकरण तिथेच वाचलं. आकाश निरभ्र असताना हकीम वादीत उतरायला नकार देतो. वाऱ्याला ओला वास आहे म्हणतो. नायक शिव्या घालतो. हकीम किल्ली काढून मुठीत धरतो आणि दगडावर शांत बसून राहतो. अर्ध्या तासाने लोंढा येतो, खडक आणि खजुरीची झाडं वाहून नेणारा. हे पप्पांनी घरी कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मम्मीने त्यांना पुन्हा डोंगरात पाठवलंच नसतं.

वादी सापडली, पण पुस्तकातला कच्चा रस्ता नाही सापडला. आता वरून डांबरी सडक जाते, खाली बांध आहे आणि पुराचा इशारा देणारी पाटी. तीन कुटुंबं कोळशावर मांस भाजत होती. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला जुना रस्ता विचारला.

"पुराना रोड? खलास, दीदी. डॅम के नीचे."

पावसाचा अंदाज असेल तर अशा वादीत अजिबात उतरू नका, वाटा बंदही करतात. आम्ही गेलो तेव्हा तळाला चिखलाच्या वाळलेल्या पापड्या होत्या. मी फोटो काढले, पन्नास तरी. मग मोबाइल ठेवून एका दगडावर बसले. तो दगड हाच असेल असं स्वतःला पटवून बघितलं, काही पटलं नाही.

तिसऱ्या दिवशी जबल अलीला गेलो. फ्री झोनमध्ये पासशिवाय सोडत नाहीत, तेव्हा गेटबाहेरून कंपन्यांच्या बसेस बघून परतलो. संध्याकाळी रियाच्या बाल्कनीत बसून कॅप्टनचं पुढे काय झालं ते शोधलं. एका छोट्या गावाच्या वर्तमानपत्रातला मृत्युलेख मिळाला. वादीवाली कादंबरी चालली नाही. नंतरच्या दोन छापल्या गेल्या, मग प्रकाशकाने हात वर केले. शेवटची वर्षं बोटी दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या माळ्यावर भाड्याने राहायचा. जाऊन नऊ वर्षं झाली. एकतीस पुस्तकं लिहिलेल्या माणसावर बारा ओळी होत्या.

वसईला आले तेव्हा पप्पा खुर्चीत वाट बघत होते. फोटो पाहून झाले. बांध पाहून म्हणाले, चांगलं केलं, पाणी अडवलं. मग मी पुस्तक काढलं.

"पप्पा, तुम्ही आहात यात. नाव हकीम आहे."

"माहीत आहे." पप्पा शांतपणे म्हणाले. "नाव बदलणार म्हणून त्याने गाडीतच सांगितलं होतं. कंपनीची जीप न विचारता वादीत नेली होती ना, माझी नोकरी गेली असती."

"मग मी नाही म्हटलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू वाचलं नव्हतंस ते कळलं. तुझी परीक्षा होती."

पप्पांनी सांगितलं की पुस्तकामागून कॅप्टनचं पत्रही आलं होतं, चार ओळींचं. तेवढं त्यांनी स्वतःच लावून लावून वाचलं होतं. तुला बरोबर लिहिलंय का, एवढंच त्याने विचारलं होतं. आत काय लिहिलंय तेच माहीत नाही, तर उत्तर काय पाठवणार? कंपनीतल्या कुणाकडून वाचून घ्यायची सोय नव्हती, जीपचं बिंग फुटलं असतं. मला पुन्हा विचारायला त्यांना संकोच वाटला. सख्ख्या मुलीला विचारायला संकोच वाटला.

मग ते प्रकरण मी त्यांना मराठीत सांगत वाचलं. संत्र्याच्या सालीपाशी ते हसले. दगडावर शांत बसल्याचं आलं तसा त्यांनी हात वर केला.

"हे चुकलंय. शांत कसला? पाय लटपटत होते माझे, उभं राहता येईना म्हणून बसलो. हे कळवायला हवं त्याला." मग त्यांनी विचारलं, "आहे का गं तो?"

"नाही पप्पा. नऊ वर्षं झाली."

पप्पांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला.

"पहिल्यापासून वाच," ते म्हणाले. "या वेळी पानं गाळू नकोस."