वीतभर खोल, टोक वर

बागेतलं मला सगळं कळतं असा माझा समज होता. कोणी विचारलं नाही तरी मी सांगत असे आणि विचारलं तर जरा जास्तच सांगत असे. बायको ऐकून घ्यायची आणि स्वतःला हवं तेच करायची. तिची एक खोड होती. काही लावलं की सांगायचं नाही. ‘उगवलं की दिसेलच,’ म्हणायची. आमच्या परसात तिने भुईचाफ्याचे कंद कुठे कुठे पुरले होते, ते मला वैशाखात जमिनीतून फुलं वर आल्यावरच कळायचं. दिवाळीपर्यंत त्यांची पानं वाळून जातात आणि मग तिथे खाली काही आहे असं वाटतही नाही. बेणताना तेवढी जागा ती स्वतः राखायची.

रत्नागिरीत पाऊस गेला की पहिलं काम परस बेणायचं. कमरेएवढं माजलेलं गवत काढायचं, कुजकं-किडकं उपटायचं, माती उलटून ऑक्टोबरच्या उन्हात तापवायची आणि मगच माठ-मुळ्याचे वाफे करायचे. चार महिने भिजलेल्या जमिनीत कांदा टिकत नाही, हे मी लहानपणापासून बघत आलोय. जमीन सगळीकडे सारखीच, असंही मी धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी बायको लेकीच्या बाळंतपणाला परदेशी गेली. हिवाळ्यात कुंपणापर्यंत बर्फ साचतो, अशा गावी. श्रावणात गेली आणि दसरा तिकडेच करून परत आली. नातवाच्या खालोखाल तिच्या तोंडी तिकडच्या शेजारच्या आजींचं कौतुक. हिला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी येत नाही, तरी दोघी कुंपणावरून हातवारे करत तासतासभर बोलायच्या म्हणे. मी थट्टा केली, ‘माझ्याशी मराठीत बोलायला मात्र तुला वेळ नसतो.’ परत आल्यावर पंधराव्या दिवशी सकाळी चहा गाळताना ती ओट्याशी खाली बसली, ती उठलीच नाही.

लेक तान्ह्या बाळाला घेऊन आली, दिवस झाले आणि गेली. पुढे आमच्या संध्याकाळी, म्हणजे तिच्या सकाळी, रोज व्हिडिओ कॉल. दोघांनाही बोलायला काही नसायचं. एकदा ती म्हणाली, “बाबा, बर्फ पडायच्या आत मागची बाग आवरायचीये. कशी आवरू?” तिच्या हातांना काम हवं होतं आणि मला सांगायला काहीतरी हवं होतं. मी सुटलोच. सगळं साफ कर, पाला ठेवू नकोस, किडीला आसरा होतो, माती उलट.

दोन दिवसांनी तिने फोन मातीजवळ नेला. “कुंपणाकडेला खारीने उकरलंय बघा. एक तोंडात धरून पळालीसुद्धा. आत कांदे आहेत, बाबा. आधी राहणाऱ्यांनी लावले असतील का?” मला पडद्यावर तपकिरी सालीचे, मातीने बरबटलेले गोळे दिसले. “असतील. पण आता बर्फात कांदा जगतो होय? कुजतील नि सगळी जमीन नासवतील. उपटून टाक.” तिने विचारलं, “नक्की ना?” मी म्हणालो, “मी काय आज बागेत उतरलोय?” तिने सगळे काढून पिशवीत भरले. कचऱ्याची गाडी पिशवी घेऊन गेली.

माघात बायकोची प्रवासाची बॅग रिकामी केली. आतल्या कप्प्यात एक पाकीट होतं. वर लाल, पेल्याच्या आकाराच्या फुलांचं चित्र, त्याखाली तसाच तपकिरी कांदा. मागे बॉलपेनने हिचं अक्षर:

‘शेजारच्या आजींनी दिले. थंडीच्या आधी लावायचे. वीतभर खोल. टोक वर. वर पाला पसरायचा, काढायचा नाही. पाणी एकदाच. बर्फाला भ्यायचं नाही, त्यांना तो लागतोच. मग विसरून जायचं. चैत्रात येतील, बाळाच्या उष्टावणाला. पोरीला सांगायचं नाही.’

मी पाकीट कपाटात ठेवलं आणि कोणाला काही बोललो नाही. भित्रा म्हणा हवं तर. मी स्वतःला रोज म्हणतो.

चैत्रात उष्टावण झालं. नातवाने पहिला घास थुंकून टाकला, आम्ही हसलो, आणि मग लेकीने फोन खिडकीकडे वळवला. “शेजारच्या आजींकडे काय फुललंय बघा. आपल्याकडे नुसती माती.” पलीकडे लाल फुलांची सरळ ओळ होती आणि ओळ सोडून मधेच गवतात एकटंच एक फूल. मला असली बेशिस्त आवडत नाही. “पुढच्या वर्षी लाव,” एवढंच म्हणालो. त्यानंतर वैशाखभर मी परसदाराची कडी काढली नाही.

गेल्या आठवड्यात तिने विचारलं, “बाबा, इकडे गारठा सुरू झाला. यंदा काय लावू?” मी उठून कपाटातून पाकीट काढलं आणि वाचून दाखवलं. अगदी शेवटपर्यंत वाचलं. ‘पोरीला सांगायचं नाही’ हेसुद्धा.

“हे आईचं आहे?”

“हो.”

“म्हणजे ते कांदे...”

“हो.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“माघात.”

ती चिडेल असं वाटलं होतं. चिडली असती तर बरं झालं असतं. “मी माझ्या हातांनी भरले हो पिशवीत,” ती म्हणाली. “मुळं फुटली होती त्यांना.” मग म्हणाली, “एक खारीने नेला होता, बाबा.” आणि फोन ठेवला. अजून तिचा फोन आलेला नाही.

आज सकाळी दरवर्षी परस बेणायला येणाऱ्या बाई खुरपं घेऊन दारात आल्या. “काका, दिवाली आली. परस कदी बेनायचा?”

“यंदा नको.”

“गवात किती माजलाय! पायाखाली जनावर येल.”

“येऊ दे,” मी म्हणालो. “भुईचाफा कुठे कुठे आहे, ते हिने सांगितलेलं नाही.”

त्या खुरपं तसंच घेऊन परत गेल्या.