जुळलेल्या हातांचं नाणं

अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात एक गोरा म्हातारा जुनी नाणी विकतो. गिऱ्हाइकाच्या तळहातावर नाणं ठेवताना तो राजाचा चेहरा खाली आणि मागचं चित्र वर ठेवतो.

दुकानाच्या वाटणीत मला फसवणाऱ्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलंय. मी जाणार नव्हतो; आहेर म्हणून सोन्याचं रोमन नाणं पोस्टाने पाठवणार होतो. म्हाताऱ्याने दाखवलेल्या नाण्यावर एकमेकांत गुंफलेले दोन हात होते.

"लग्नाला शोभेल. पण किंमत निम्मी करा," मी म्हणालो.

"दोस्ता, सैन्यात फूट पडली की राजे नाण्यांवर असे हात उमटवायचे," तो म्हणाला. "सगळं गोडीगुलाबीत असताना कशाला उमटवतील?"

मी भडकलो, तरी त्याने किंमत उतरवली नाही. शेवटी सांगेल त्या किमतीला घेतलं.

शनिवारी लग्नासाठी रोटोटुनाला मीच निघालोय. नाणं खिशात आहे. चूक मात्र भावाचीच आहे.