मुडपलेलं बोट

गेल्या वर्षी कुवेतमधल्या आमच्या मराठी लोकांच्या क्रीडादिनाला पंधराशे मीटरची शर्यत मी अर्ध्यात सोडली. दम लागला, दुसरं काही नाही. महिन्याभराने लेकीने पोहणं सोडलं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "यू ऑल्सो क्विट, आई." तेव्हाच ठरवलं, यंदा रांगत का होईना, पुरी करायची.

मी नर्स. आमच्या हॉस्पिटलातला फिजिओथेरपिस्ट जर्मन आहे. माझे गुडघे तपासताना त्याने पणजोबांची गोष्ट सांगितली. शंभरेक वर्षांपूर्वी ते पंधराशे मीटर धावायचे. दिवसभर छापखान्यात उभ्याने अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि सुटले की थेट मैदानावर. पहिल्याच मोठ्या शर्यतीत फेऱ्या मोजण्यात घोळ झाला. एक फेरी आधीच जीव तोडून पळाले आणि थांबले. लोक हसले. तरी उरलेली फेरी धावले, शेवटून पहिले आले. पुढे पुष्कळ जिंकले म्हणे, पण घरात अजून तीच शर्यत सांगतात. त्यानंतर ते शेवटची रेघ ओलांडली की दर वेळी एक बोट मुडपायचे. पंधराशे मीटरात ती रेघ चारदा येते, म्हणून चार बोटं झाली की संपलं.

चार महिने सालमियाच्या समुद्राकाठी पहाटे पळाले. नवरा म्हणायचा, "मेडल आणलंस तर चहा मी करीन." म्हटलं, तो तू एरवीही कर.

आणि शर्यतीच्या दिवशी मी शहाणीने शिट्टी वाजताच, उभ्या जागीच पहिलं बोट मुडपलं. त्यामुळे रेघ तिसऱ्यांदा आली तेव्हा माझी चार बोटं झालेली. एक फेरी पुढच्या पोरी शर्यत संपवतच होत्या. त्यांच्याबरोबर सगळा जीव एकवटून पळाले आणि मटकन खाली बसले.

"आई," लेक कठड्यावरून म्हणाली, "अजून एक राहिलीय."

मराठीत. ही मुलगी घरात मीठसुद्धा इंग्रजीत मागते.

रडूच आलं मला. मग म्हटलं, त्या पणजोबांना जमलं, मला काय धाड भरलीय? उठले. लोक खुर्च्या आवरायला लागले होते, वडापावला रांग लागली होती. मैदानात मी एकटी. पाचवं बोट मुडपून रेघ ओलांडली.

परतताना गाडीत लेक म्हणाली, "पोहायचा क्लास कधी असतो?"

"सोमवारी."

दोन वर्षं जात होती ती तिथे. वार तिला पाठ होता.