हाजींची मफी

आमच्या ग्रुपने चार वर्षांत बहारीनच्या किनाऱ्यावर जेवढे मासे पकडले, ते एका ताटलीत मावतील. किस्से मात्र इतके साठलेत की त्यांच्यासाठी डीप फ्रीजर घ्यायला हवा. दर शुक्रवारी पहाटे गाडी माझी, पेट्रोल माझं, आणि आठवडाभर सीटला येणारा कोळंबीचा वासही माझाच. तेव्हा हे सांगायचा हक्क माझा आहे.

*

पाटील आमचा इंजिनिअर. भरती-ओहोटीचं ॲप त्याच्याकडे. "यल्ला, खाली उतर, भरती लागलीय," असा त्याचा पहाटे फोन. तीन शुक्रवार आम्ही सीफ मॉलच्या मागे किनाऱ्यावर जाऊन बघतो, तर समुद्र लांब ओसरलेला आणि आम्ही चिखलात रॉड घेऊन उभे. चौथ्या शुक्रवारी मी त्याचा मोबाइल हिसकावून घेतला. ॲपमध्ये गाव होतं अलिबाग.

"बदलायचं राहिलं," पाटील म्हणाला. "पण पाणी शेवटी तेच ना?"

*

जोशी पुण्याचे, अकाउंटंट, पक्के शाकाहारी. ते फक्त हवा खायला येतात. एकदा मी दोन तास घाम पुसत शेरी जातीचे चार मासे मिळवले, बादलीत ठेवले आणि तोंड धुवायला गेलो. परत येतो तर बादली रिकामी.

"तडफडत होते हो," जोशी म्हणाले. "बघवेना."

त्या दिवशी मी घरी अंडाकरी खाल्ली.

*

आमच्या पलीकडे एक बहारिनी आजोबा गळ टाकून बसतात. सगळे त्यांना हाजी म्हणतात. जोशी दर शुक्रवारी जाऊन, हाताने मासा करून दाखवत विचारायचे, मिळाला का? हाजी मान हलवून म्हणायचे, "मफी." मग जोशी त्यांचा हात हातात घेऊन, "अहो असू द्या, असू द्या."

महिन्याभराने जोशी मला म्हणाले, "काय सज्जन माणूस आहे! मासा मिळाला नाही त्याला, आणि माफी आपली मागतो."

मी कपाळाला हात लावला. मफी म्हणजे 'नाही', 'काही नाही', हे सांगितलं. तेव्हापासून जोशी भेटेल त्याला हा शब्द समजावून सांगतात. मलासुद्धा.

*

आता इनास. वसईचा, हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये कामाला, पाटलाचा पंधरा वर्षांचा दोस्त. गेल्या हिवाळ्यात त्याच्या गळाला हातभर लांब हामूर मासा लागला. इनास ओढतोय, हातजाळी पाटलाकडे. "जाळी लाव, जाळी लाव!" पाटलाच्या एका हातात जाळी, दुसऱ्या हातात मोबाइल. "एक मिनिट, फोटो..."

हामूर मिनिटभर थांबला नाही.

इनासने पाटलाशी बोलणं टाकलं. दोघं बसणार मात्र माझ्याच गाडीत. "त्याला सांग, काच वर कर." "त्याला सांग, मला गरम होतंय." आठ महिने मी गाडीबरोबर टपालही चालवलं.

चिडायचो, पण आतून धास्ती वाटायची. इनास रिटायर होऊन कायमचा वसईला निघाला होता. तो असाच न बोलता गेला, तर पाटील वर काही दाखवणार नाही, पण खचेल, हे मला दिसत होतं.

*

म्हणून मी जिदहफ्सच्या बाजारातून हामूर आणला. इनास चहा घेत होता, तेवढ्यात कोणाला न सांगता तो इनासच्या गळाला अडकवून पाण्यात सोडला. इनासने येऊन रीळ फिरवलं, मासा वर आला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला.

"हा पोट साफ करून आलाय," तो म्हणाला.

मासेवाल्याने सवयीने साफ करून दिला होता, आणि माझ्या लक्षातच आलं नव्हतं. इनासला वाटलं, ही पाटलाची थट्टा. मी किती सांगितलं, हे माझं काम आहे, पण कोण ऐकतो?

"त्याला सांग, पुढच्या वेळी मसालाही लावून पाठव."

*

इनासचा शेवटचा शुक्रवार. विमान रविवारचं. सकाळभर कोणालाच काही लागलं नाही. ऊन चढलं, मी सामान आवरायला घेतलं. पाटील उठला आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा इनासच्या शेजारी जाऊन बसला.

"मिळालं काही?" त्याने विचारलं. थेट, माझ्यामार्फत नाही.

इनास पाण्याकडेच बघत राहिला. तसाच म्हणाला, "मफी."

पाटलाने त्याच्या हातातला रॉड घेतला आणि लाइन गुंडाळायला लागला.

"दिली," तो म्हणाला.

जोशी समजावून सांगायला पुढे झाले. मी त्यांना शर्टाला धरून मागे ओढलं.