मधल्या खोलीची खिडकी

आधी क्षमा मागते. मी इथे, या ग्रुपवर, दुसऱ्यांचे वाचते, स्वतः कधी लिहीत नाही… आणि घरातली गोष्ट अशी चारचौघांत मांडण्याचा मला अधिकार आहे का, हेही अजून ठरलेले नाही. तरी लिहिते आहे, कारण जिच्याशी बोलायला हवे होते तिच्याशी फोनवर मला ते बोलता आले नाही.

परवा सकाळी, तीर्थपुरीच्या आमच्या घरी, बाबा शिडी लावून वर चढले. मधल्या खोलीवरचा एक पत्रा काढून त्यांनी तिथे फायबरचा पारदर्शक पत्रा बसवला. पाऊण तास लागला… फक्त पाऊण तास.

आमचे घर दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंतींना चिकटलेले. मधल्या खोलीत उजेड यायचा तो परसाकडच्या एकुलत्या एका खिडकीतून. त्या खिडकीखाली माझी आत्या बसायची, बाबांची धाकटी बहीण. यजमान गेल्यापासून ती आमच्याकडेच होती… टेलरमास्तरांकडून ब्लाऊज आणायची आणि हुक-काज, तुरपाई करून द्यायची.

दोन वर्षांपूर्वी मी बारावीला कॉलेजात पहिली आले. बाबांनी मोठ्या हौसेने परसात माझ्यासाठी अभ्यासाची खोली काढली, दोन मोठ्या खिडक्यांची. भिंती वर आल्या तेव्हा गवंड्याने मधल्या खोलीच्या खिडकीवर थापी टेकवून विचारले, "ही आता दोन खोल्यांच्या मधात आली. ठिवू का बुजवू? बुजवली तर पुस्तकांचं कपाट निघंल इथं."

"बुजवा की!" माझ्याआधी आत्याच म्हणाली. "आमची बाई कलेक्टर होणार हाय. तिला कपाट पाहिजे, मला काय करायची खिडकी?"

सगळे हसले. मीही हसले… आणि कोणत्या कप्प्यात कोणती पुस्तके ठेवायची, ते मनात ठरवू लागले.

त्यानंतर आत्या बल्बखाली बसू लागली. दिवसा वीज गेली की काम मांडीवर ठेवून ती गप्प बसून राही. दारातून मला ती दिसे. मला वाटायचे, विश्रांती घेते आहे.

मग चुका होऊ लागल्या. लग्नातल्या एका गर्द निळ्या ब्लाऊजला तिने काळ्या दोऱ्याची तुरपाई केली. मास्तर स्वतः घरी आले. "बाई, गुस्सा करू नका, पण गिऱ्हाईक लई बोललं मला. आता आराम करा तुम्ही. उमर झाली." आत्या तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती.

आत्याचे डोळे गेले, हे घरात सगळ्यांनी मानून टाकले. बाबा चिडवायचे, "शकू, डाळ तू निवडू नको बाई. दाताचा खर्चा परवडायचा न्हाई मला." तीही सोडायची नाही. "मंग चावतो कशाला दादा? गिळत जाय."

गेल्या उन्हाळ्यात मी तिला जालन्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून, आपला जुनाच चष्मा लावून, तिने कार्डावरची सर्वांत बारीक ओळ न अडखळता वाचली. नंबर होता तोच निघाला. मोतीबिंदू नाही, काही नाही.

"डोळे चांगले आहेत यांचे," डॉक्टर म्हणाल्या. "काम करता तिथे उजेड कुठून येतो?"

आत्याने चष्मा काढून पदराने पुसला. त्याचे उत्तर माझ्या पुस्तकांच्या मागे, विटांनी बुजवलेले होते.

परतताना बसमध्ये ती हळूच म्हणाली, "दादाला सांगू नको बरं. एवढ्या हौसेनं बांधली त्यानं खोली. डोळे गेले म्हणायचं, बस."

"पण आत्या…"

"पण न्हाई न् बिन न्हाई. माझी शपथ हाय तुला."

मी शब्द पाळला. वर्गात विचारल्याशिवाय कधी न बोललेल्या मुलीला गप्प राहणे जड जात नाही. आणि खरे सांगायचे तर… ते सोयीचेही होते.

दिवाळीनंतर अंकुशनगरहून तिच्या यजमानांचा पुतण्या, आमचा संतोषदादा, आला. नवरा-बायको दोघेही कामावर, लेकरांना सांभाळायला कुणी नाही. आत्या लगेच तयार झाली. "इथं तरी माझा काय उपयोग राह्यला?" बाबा "काहीतरीच काय" म्हणाले, पण त्यांनी थांबवले नाही. मी तिची पिशवी बसपर्यंत नेली. तेव्हाही बोलले नाही.

मागच्या रविवारी बाबा शेजाऱ्यांना सांगत होते, "शकूला आता जवळजवळ दिसतच न्हाई." त्या क्षणी माझ्या तोंडून सगळे निघून गेले. बाबा उठले. मधल्या खोलीत जाऊन बसले… बल्ब न लावता, बराच वेळ.

परवा पत्रा बसल्यावर त्यांनी तिला फोन लावला. "शकू, परत ये. खोलीत उजेड केलाय."

"आता लेकरांना लळा लागलाय दादा," ती म्हणाली. "अन् डोळ्याला दिसत न्हाई, येऊन काय करू?"

अजूनही ती बाबांनाच सांभाळून घेत होती. बाबांनी फोन माझ्या हातात दिला… आणि मी "जेवलीस का" एवढेच विचारू शकले.

संतोषदादा, तू इथे वाचतोस, हे मला माहीत आहे. एवढे तिला वाचून दाखव.

आत्या, तुझी शपथ मी मोडली आहे. परत यायचे की नाही, ते तूच ठरव. लेकरांसाठी राहणार असलीस तर अवश्य राहा, पण डोळे गेले म्हणून राहू नकोस. तुझे डोळे चांगले आहेत. अंधार आम्ही केला होता… आणि भिंतीच्या पलीकडे, दोन खिडक्यांच्या उजेडात, मी वाचत बसले होते.

११ जानेवारी २०२६, दुपारी ३ वाजून २० मिनिटे.