पाच मरळी आणि प्रणालीचे पाहुणे

नाताळच्या सुट्टीची नोटीस शाळेच्या ग्रुपवर आली त्या संध्याकाळी आमच्या घरात दोन गोष्टी झाल्या. सात वर्षांच्या सोहमने सोफ्याच्या उशांचा किल्ला बांधला आणि त्यावरून उडी मारून टीपॉयची काच फोडली. आणि नवऱ्याने ऑफिसातून येऊन सांगितलं, की डिसेंबर संपेपर्यंत त्याला एकही रजा मिळणार नाही. म्हणजे दहा दिवस, दोन मुलं, पुण्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट आणि मी. काचा गोळा करता करताच मी शकुनताईंना फोन लावला.

शकुनताई म्हणजे माझी थोरली नणंद. भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, सिहोऱ्याच्या थोडं पुढे त्यांचं गाव आहे. गावाचं नाव लिहीत नाही. का ते पुढे कळेलच. लग्नाला तेरा वर्षं झाली, पण नवऱ्याशिवाय मी तिथे कधी गेले नव्हते. ताईंचा मला धाक आहे. त्या कमी बोलतात, आणि जे बोलतात ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं.

"ये ना," त्या म्हणाल्या. "पण रविवारी प्रणालीले पाहाले पाहुणे येऊन राहिले. लेकरायले सांभाळशीन ना?" प्रणाली ही त्यांची मुलगी.

"मुलं अगदी शांत आहेत, ताई," मी फुटलेल्या काचेवर वर्तमानपत्र पसरत म्हणाले.

जायचं कसं, हे आधी सांगते. पुण्याहून नागपूरला थेट गाड्या भरपूर आहेत, पण नाताळात तिकीट महिनाभर आधी काढा. आम्हाला तत्काळमध्ये दोन बर्थ मिळाले, त्यात तिघं झोपलो. एकाचे पाय माझ्या कानाशी होते. नागपूरहून गोंदियाकडे जाणारी गाडी पकडून तुमसर रोडला उतरायचं. हे स्टेशन तुमसर गावात नाही, थोडं दूर आहे. तिथून शेअर ऑटोने तुमसरचं बसस्थानक, आणि मग सिहोऱ्याची एसटी. गाडीची वाट पाहताना स्थानकाबाहेर तर्री-पोहे खा. सोहमने तर्री अंगावर सांडली आणि पुढचा अर्धा तास सगळ्यांना स्वेटरची डिझाईन आहे म्हणून सांगत होता.

एसटीत कंडक्टरने अकरा वर्षांच्या जुईला विचारलं, "कोनाकडं जाऊन राहिली?"

"आत्याकडे. तिथे लग्नाचा इंटरव्ह्यू आहे."

"तुहा?"

"नाही. मी फक्त बघणार आहे."

कंडक्टरने गंभीरपणे अर्धं तिकीट फाडलं आणि म्हणाला, "मंग ठीक हाय."

डिसेंबरातला हा भाग ज्यांनी पाहिला नाही त्यांना एवढंच सांगते, की धान कापून झालेलं असतं आणि त्याच मोकळ्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये, लाखोरीच्या डाळीची हिरवी कोवळी रोपं आलेली असतात. मधूनमधून तलाव. शेताशेजारी लहानसं तळं असतं, त्याला इथे बोडी म्हणतात. ताईंच्या घरामागेही एक आहे. सकाळी धुकं इतकं, की परसातून बोडी दिसत नाही, फक्त बगळ्यांचा आवाज येतो. गरम कपडे दोन जास्तच न्या. पुण्याची थंडी वेगळी, ही हाडात शिरते.

पहिले दोन दिवस स्वर्गासारखे गेले. मुलं सकाळी शेकोटीशी बसायची, मग तणसाच्या ढिगावरून घसरायची. तणस म्हणजे धानाचा पेंढा. भाऊजींनी, म्हणजे ताईंच्या यजमानांनी, आधीच बजावलं होतं, "खाजवन बरं." मुलांनी ऐकलं नाही आणि संध्याकाळभर दाराच्या चौकटीला पाठ घासत उभी राहिली. एक दिवस चांदपूरला गेलो. टेकडीवर हनुमानाचं देऊळ, खाली नजर पोचणार नाही एवढं पाणी. सकाळी लवकर जा, सोबत डबा न्या, आणि माकडांसमोर पिशवी उघडू नका. आमच्या पोळ्या गेल्या. ताईंनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

परतताना गावतलावावर थांबलो. यमुनाबाई आणि त्यांचे मुलगे या तलावात मासे धरतात. साठीच्या यमुनाबाई कंबरभर पाण्यातून शिंगाडे काढून आल्या होत्या आणि काठावर ते उकडत होत्या. गरम शिंगाडा सोलून मिठाशी खाल्ला नसेल, तर खरंच भंडाऱ्याला या. ताईंनी रविवारच्या पाहुण्यांसाठी जिवंत मरळी सांगून ठेवल्या होत्या. मरळ हा या भागातला मानाचा मासा, काटा कमी आणि चव मोठी. पाण्याबाहेर तोंड काढून श्वास घेते, त्यामुळे टाक्यात दोन दिवस सहज जगते.

"पाच हायत," यमुनाबाई बादली देत म्हणाल्या. "झाकन घट्ट ठेवजो. उडी मारते थे."

बादली मुलांनी उचलली. माझी चूक इथे झाली. घरापर्यंतच्या पंधरा मिनिटांत सोहमने पाचही मरळींची नावं ठेवली. आणि नावं कुणाची, तर त्याच्या शाळेतल्या बाईंची. गणिताच्या देशमुख बाई, चित्रकलेच्या बाई, पीटीच्या बाई, ग्रंथपाल बाई. सगळ्यांत जाड होती ती मुख्याध्यापिका. बाई परसातल्या सिमेंटच्या टाक्यात गेल्या, वर पत्रा, पत्र्यावर दगड.

शनिवारी संध्याकाळी ताई मसाला वाटत असताना सोहमने विचारलं, "आत्या, मुख्याध्यापिकेला आधी कापणार की शेवटी?"

ताईंना काही कळलं नाही. "आधी मोठीच कापाव लागते, बेटा," त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी मी उठले तेव्हा मुलं आधीच उठून, हातपाय धुऊन, शेकोटीशी बसली होती. केस विंचरलेले. जुई आजीबाईसारखी हाताची घडी घालून बसलेली. आई म्हणून मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. सोहमचे मोजे ओले होते.

साडेआठला ताईंनी टाक्यावरचा पत्रा काढला. आत नुसतं पाणी.

"मांजर आलं होतं," जुई पटकन म्हणाली.

भाऊजी वाकून टाक्यात पाहत राहिले. मग दगडाकडे पाहिलं, तो पुन्हा नीट पत्र्यावर ठेवलेला होता. "पाच मरळी खाल्ल्या अन् जाताना झाकन लावून गेलं," ते म्हणाले. "मांजर चांगल्या घरचं दिसते."

सोहम रडायलाच लागला. सगळं बाहेर आलं. सहाला उठून दोघांनी दोन खेपांत बादलीतून मरळी बोडीत नेऊन सोडल्या होत्या. मुख्याध्यापिका हातातून दोनदा निसटली. पीटीच्या बाईंनी जुईच्या हाताला शेपटीचा फटका मारला.

मी मुलांवर हात उगारणारच होते, पण ताईंचा चेहरा पाहून थांबले. त्या ओरडल्या नाहीत. पायरीवर बसल्या. "त्या लोकायले मासोळीच खिलवीन म्हनून सांगतलं होतं मी," त्या म्हणाल्या. "पोरीचं तिसरं पाहनं हाय हे, वयनी." मला तेव्हा खरी लाज वाटली. प्रणाली चोवीस वर्षांची, तुमसरच्या एका दवाखान्यात नर्स आहे, रोज स्कूटीने जाते. आधीची दोन स्थळं काही न सांगता गप्प झाली होती. ताई महिनाभर या दिवसाची तयारी करत होत्या, आणि मी त्यांना सांगितलं होतं, मुलं शांत आहेत.

भाऊजींनी यमुनाबाईंना फोन केला. त्या जाळं घेऊन आल्या, बोडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सोडाले एक मिनिट लागते. धराले दिवस लागन." तरी उतरल्या. भाऊजीही लुंगी खोचून उतरले. पाहुणे बाराला येणार होते. ते साडेदहालाच आले.

मुलगा, अमोल, त्याची आई आणि मामा. गोंदियात मुलाचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. मागच्या अंगणात त्यांना घेऊन जायचं नव्हतं, पण बोडीतून भाऊजींचा आवाज आला, "गेली, गेली, तुह्या पायाखालून गेली," आणि मुलाची आई सरळ आवाजाच्या दिशेने चालू लागली.

"काय शोधून राहिले?" तिने काठावर बसलेल्या सोहमला विचारलं.

"तुमच्या जेवणातले मासे," सोहम म्हणाला. "आम्ही सोडून दिले. आत्या तुम्ही आहात म्हणून ओरडत नाहीये."

मी डोळे मिटले. माझ्या शेजारी ताईंच्या बांगड्या एकदाच वाजल्या.

"किती होते?"

"पाच."

"पाचही सोडले?"

"हो."

ती बाई पाण्याकडे वळली. "दोन तरी ठेवाच्या होत्या," ती म्हणाली, आणि चपला काढून काठावर खाली उतरली. तिचं माहेर तलावाकाठचं निघालं. मरळ श्वास घ्यायला कुठे वर येते, हे ती बोट दाखवून सांगायला लागली. भाऊजी तिच्या सांगण्यावरून जाळं टाकायचे आणि दरवेळी चुकीच्या जागी टाकायचे. शेवटी आतून पोह्यांचा ट्रे घेऊन येणारी प्रणाली ट्रे माझ्या हातात देऊन, साडी खोचून पाण्यात उतरली. "बाबा, तुमच्यानं नाई होत," म्हणाली.

पहिल्याच झटक्यात तिने एक धरली. सोहमने ओळखलं, चित्रकलेच्या बाई होत्या. त्याने मान फिरवली.

अमोल काठावर बूट सांभाळत उभा होता. मामा खुर्चीवर बसून पोहे खात होते. सगळ्यांचं लक्ष पाण्यात होतं, त्यामुळे प्रणाली पाय धुवायला पाळीवर, म्हणजे बोडीच्या बांधावर, गेली तेव्हा अमोलही मागे गेला आणि कुणी त्यांना बोलावलंच नाही. एरवी अशा पाहण्यात मुलामुलीला बोलायला पाच मिनिटं मिळतात, तीही दार उघडं ठेवून. यांना चाळीस मिनिटं मिळाली. मी घड्याळ पाहत होते, कारण पोहे गार होत होते.

शेवटी दोनच मरळी मिळाल्या. ताईंनी त्यांच्या रस्स्याच्या जोडीला वांगी-बटाट्याची भाजी, पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा आणि तांदळाच्या पापड्या केल्या. जेवताना मुलाच्या आईने दोनदा भात मागून घेतला. सोहम आणि जुईने फक्त वरणभात खाल्ला. निघताना ती बाई सोहमच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "गोंदियाले ये. आमच्याकडं कोंबड्या हायत. नावं नको ठेवजो फक्त."

ताई हसल्या. मी त्यांना इतक्या मोकळ्या हसताना पहिल्यांदा पाहिलं. जमलं, असं सगळ्यांना वाटलं. भाऊजींनी तर मांडवाची जागा पायांनी मोजली.

दुसऱ्या दिवशी तिकडून होकाराचा फोन आला. ताई साखर आणायला आत गेल्या, तोवर प्रणाली म्हणाली, "माहा नकार हाय."

जुई माझा हात घट्ट धरून उभी राहिली. मला माहीत होतं तिला काय वाटतंय. आपल्यामुळेच मोडलं, असं.

"काहून?" ताईंनी विचारलं. हातात साखरेचा डबा तसाच.

"पहिल्या पाच मिनिटांत लय चांगला बोलला," प्रणाली म्हणाली. "तवाच निघून गेला असता तर मी हो म्हनलं असतं. मंग पंधराव्या मिनिटाले म्हनाला, नोकरी तं सोडावच लागन. मी विचारलं काहून, तं म्हने आमच्याकडं पद्धत नाई. तिसाव्या मिनिटाले म्हनाला, स्कूटी भावाले देऊन टाक." तिने पदराने हात पुसले. "त्याची आई मले लय आवडली, आई. पन लग्न तिच्याशी नाई ना कराचं."

ताई दिवसभर कुणाशीच बोलल्या नाहीत. माझ्याशी तर नाहीच. आम्ही दोन दिवसांनी निघालो तेव्हा त्यांनी डब्यात उकडलेले शिंगाडे आणि तिळाचे लाडू भरून दिले, पण एसटीत बसेपर्यंत चेहरा तसाच. परतीच्या गाडीत जुईने मला विचारलं, "आई, मी मासे सोडले नसते तर प्रणालीताईचं लग्न झालं असतं ना?" मी हो म्हणाले. "मग चांगलं केलं की वाईट?" तिने विचारलं. मी तिला माशांबद्दल आत्याला खोटं सांगितलं म्हणून रागावले. ते मला जमतं.

पुण्यात शाळा सुरू झाली. तणसाची खाज आठवडाभर टिकली, आणि "मले दे", "तुले काय करायचं" घरात अजून चालू आहे. सोहम शाळेतून आला की मुख्याध्यापिका बऱ्या आहेत असं सांगतो, आणि मी जास्त विचारत नाही. पण माझ्या मनात ताईंचा तो गप्प चेहराच राहिला होता. फोन करावा की नाही, असं चाललं होतं.

काल त्यांचाच आला. नवऱ्याला नाही, मला. आधी थंडीचं बोलल्या, मग धानाच्या भावाचं. आणि शेवटी म्हणाल्या, "वयनी, मे महिन्यात लेकरायले इकडं पाठवजो. तू नाई आली तरी चालन."

"का हो ताई?"

"प्रणालीले पाहाले अजून एक जन येऊन राहिला," त्या म्हणाल्या. "बँकेत हाय म्हनते. चाळीस मिनिटं तं लागतीनच."